बुवांचा घसा

काळाचौकी
रविवार, २० जुलै

मेघना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस, एवढंच आधी मागते. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पोस्टखात्याला कामाला लावलंय. तुझं लग्न रजिस्टर झालं त्या दिवशी बाबा नाही नाही ते बोलले आणि मी भिंतीसारखी गप्प उभी राहिले, हे तू विसरली नसणार. त्यावर आज लिहीत नाही. आजचं काम वेगळं आहे.

यंदा गणपतीला या. तू ये, ब्रायनला आण, सॅशाला आण. बाबांनी अगदी 'बोलव' असं म्हटलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण परवा माळ्यावरून आरतीची पुस्तकं काढताना मधेच म्हणाले, "मेघनाच्या चेडवाचा नाव काय ठेवल्यानी?" दोन वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी म्हटलं, सॅशा. त्यांनी दोनदा पुटपुटून बघितलं, पेटीवर पट्टी लावून बघावी तसं. मग म्हणाले, "सुरात आसा." घाडी बुवांकडून याहून मोठी दाद कोणाला मिळाली आहे का, सांग.

तिला एव्हाना दोन दात आले असतील. खालचे. आणि झोप आली की कान ओढत असेल, तुझ्यासारखी. असं आपलं मला वाटतं.

बाबांचा घसा मात्र बसलाय. गणपतीत परळला त्यांची डबलबारी ठरली आहे. ब्रायनला नीट समजावून सांग: दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात आणि रात्रभर गाण्यातून एकमेकांची उतरवतात. समोर कोणी तरुण बुवा आहे म्हणे, आवाज खणखणीत. इकडे आमच्या बुवांच्या गळ्यातून कढईत कालथा घासल्यासारखा आवाज येतोय. वाऱ्याने घसा धरतो, असं त्यांचं ठाम मत, म्हणून आषाढापासून खिडकी बंद. फटीत मी ब्लाउजपीसच्या चिंध्या कोंबल्यात. आम्ही दोघं त्या खोलीत बरणीतल्या लोणच्यासारखे मुरतोय.

उत्तर लिही. नुसतं 'हो' लिहिलंस तरी चालेल.

आई


रविवार, ३ ऑगस्ट

मेघना,

तुझं उत्तर नाही. नसू दे, मी लिहीत राहणार. फॉल-बिडिंगचं काम सध्या थंड आहे, हाताला काहीतरी हवं.

आमच्या घरात खोकल्याने ठाण मांडलंय. हे खोकले की मी खोकते, मी खोकले की हे खोकतात. शेजारची अंबिका म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे डबलबारी लवकर सुरू झाली!" हसले, पण हसता हसता इतकी ढास लागली की तिनेच पाणी आणून दिलं. त्यांचंच मला लागलंय, दुसरं काय. संध्याकाळी मंडळी तालमीला बसली की मी तोंडात पदर कोंबून गॅलरीत जाऊन उभी राहते. बुवा आलाप घेताहेत आणि बायको मागून खोकतेय, हे बरं दिसतं का?

त्यांच्यासाठी ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर, सगळं चाललंय. हळद-दूध ते पितात, उरलेलं मी प्यायचं असा आपला घरचा कायदा, पण हल्ली मला दुधाचा वासच नको होतो. श्रावण सोमवार धरलेत, त्याने पोट आत गेलंय. माझे दोन ब्लाउज उसवून पुन्हा टाचले. लोकांची मापं काढण्यात जन्म गेला आणि स्वतःचं माप चुकलं, असं म्हणून अंबिका चिडवते. म्हटलं, चांगलंच आहे, गणपतीत जावई येईल तेव्हा सासू सडपातळ दिसेल.

जिने चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. वय झालं बाई.

त्यांची काळजी वाटते. त्यांची म्हणजे बाबांची.

आई


सोमवार, ११ ऑगस्ट

मेघना,

तुझं कार्ड आलं. 'दुसऱ्या दिवशी येऊ. ब्रायनने रजा टाकली आहे.' एवढंच, पण मी ते देव्हाऱ्यात ठेवलंय. बाबांनी ते तिथून हळूच काढून वाचलं आणि मला कळणार नाही अशा बेताने परत ठेवलं. उलटं ठेवलं, म्हणून कळलं.

आणि आता हे पत्र टाकू की नको, हे मला समजत नाही.

अंबिकाबरोबर मी पालिकेच्या दवाखान्यात गेले होते, तिच्या प्रेशरच्या गोळ्यांसाठी. बाकड्यावर बसले तर समोरच पोस्टर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला. संध्याकाळी येणारा ताप. रात्री घाम. भूक नाही, वजन उतरणं. कधी बेडक्यातून रक्त. खाली लिहिलेलं, टीबी असू शकतो, तपासून घ्या. मी एकेक ओळ वाचत गेले. मला समोर बाबाच दिसले.

माझे वडील याच दुखण्याने गेले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्या घरी त्या रोगाचं नावच घेत नसत. वडील गिरणीत होते, सगळे म्हणायचे कापसाची धूळ लागली. धूळ धूळ म्हणत सहा माणसांच्या खोलीत वडील खंगत गेले. इथे आता आम्ही घसा घसा म्हणतोय. कारण तयार असलं की माणूस पुढे बघतच नाही.

तेव्हापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवून आहे. संध्याकाळी दिवा लावला की त्यांच्या कपाळाला हात लावते. गार लागतं. रोज गार लागतं, जरा जास्तच. मग वाटतं, ताप येऊन घाम फुटून उतरला असेल. पण बंडी चाचपली तर कोरडी. अंग भिजतं ते माझं, रात्री उठून साडी बदलावी लागते, पण माझं वयच ते. अंबिकाचंही तेच चालतं. त्यांचं पोट आहे तिथेच आहे, पण गाल बसलेत असं मला वाटतं. अंबिका म्हणते नाही बसले. तिला काय कळतंय.

काल मी विषय काढला. म्हटलं, चला, बेडका तपासून येऊ. ते भडकलेच.

"माका काय एक झाला नाय! गळो बसलो हा, इतक्याच."

"मग तपासायला काय जातं?"

"काय जाता? बुवाक टीबी म्हटल्यार माज्या मागे कोरसाक बसतलो कोण? चाळीत आज बोललंस तर सकाळपर्यंत परळाक पोचात. आणि त्या चेडवाक माज्या मांडयेर कोण ठेयत?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज पार गेला. ते खिडकीकडे तोंड करून बसले. बंद खिडकीकडे. आणि मला तिथेच वचन द्यावं लागलं की तुला काही कळवणार नाही.

मेघना, लहान बाळाला हे पटकन धरतं, असंही त्या पोस्टरवर होतं. तू सॅशाला घेऊन येणार, ते तिला मांडीवर घेणार, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन गाणार. दोन वर्षं ज्याची वाट बघितली, तेच आता माझ्या जिवावर आलंय. येऊ नका म्हणावं, तर तू म्हणशील पुन्हा तेच. या म्हणावं, तर

(हे पत्र टाकलं नाही.)


गुरुवार, १४ ऑगस्ट

मेघना,

यंदा गणपतीला येऊ नका. खोलीला रंग काढलाय, ओल आली होती. बाळाला रंगाचा वास बाधेल. पुढच्या वर्षी बघू.

ब्रायनला म्हणावं, रजा फुकट गेली, माफ कर.

आई


गुरुवार, २१ ऑगस्ट, दुपार

मेघना,

हे पत्र बाबा स्वतः घेऊन येताहेत. ते दारात दिसले की आधी एक लक्षात ठेव: डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी केली आहे. गणपती होईपर्यंत मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. तेव्हा ते बोलले नाहीत तर त्याचा भलता अर्थ काढू नकोस. या वेळी मुद्दाम गप्प नाहीत. त्यांना आत घे आणि हे पुरतं वाच.

रंगबिंग काही नाही. ते खोटं होतं. सोबत अकरा तारखेचं न टाकलेलं पत्र जोडलंय, ते वाचलंस की का खोटं बोलले ते समजेल. मला वाटलं होतं बाबांना टीबी आहे.

बाबांना टीबी नाही. मला आहे.

आता सगळं क्रमाने सांगते. सोमवारी मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. म्हटलं, नाही आलात तर डबलबारीच्या मंडपात उभी राहून माइकवरून सांगेन. घाबरले आणि आले. डॉक्टर म्हणजे तुझ्याच वयाची मुलगी. तिने बेडक्यासाठी डबी दिली तर हे हटून बसले. "तू आधी दी, मगे मी देतलंय." लहान मुलासारखे. औषध आधी आईने चाखायचं तशातला प्रकार. म्हटलं, आणा डबी, त्यात काय. त्यांना लाज वाटू नये म्हणून मी दिला, एवढंच.

डॉक्टरने विचारलं, "खोकला कधीपासून?" मी म्हटलं, "ह्यांना ना, आषाढाच्या आधीपासून." ती म्हणाली, "तुमचं विचारतेय." त्यांच्या घशाचा एकेक दिवस मला पाठ आहे. माझा खोकला कधी सुरू झाला, ते मला आठवेना. तिने मला वजनकाट्यावर उभं केलं, मग कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला ताप आहे." मी म्हटलं, नाही हो, मी रोज हात लावून बघते, ह्यांचं कपाळ गारच असतं. ती हळूच म्हणाली, "तुमचा हात तापलेला असेल, तर त्यांचं कपाळ गारच लागणार ना."

काल रिपोर्ट आले. यांचा स्वच्छ. यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे दुर्बिणीतून बघितलं तर गळ्यात गाठी, ओरडून ओरडून गायल्याच्या. साध्या आहेत, विश्रांतीने बसतील. माझ्या रिपोर्टवर टीबी. दर्शना हेमचंद्र घाडी. नाव दोनदा वाचलं. एक्स-रेत उजवीकडे डाग. पण साधा आहे, नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा, असं डॉक्टर म्हणाली. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने एक दिवस चुकवायचा नाही. आज सकाळी पहिला डोस घेतला.

आता जे लिहायचं त्यासाठी हात उचलत नाही. हे चपला घालून दारात उभे आहेत, आणि मी लिहितेय.

मी सॅशाला भेटत होते. तुझ्या पाठीमागे.

मे महिन्यात लेस आणायला म्हणून ठाकूरद्वारला आले आणि तुमच्या वाडीच्या तोंडाशी नुसती उभी राहिले. तुझ्या सासूबाई, मॉडबाई, भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी मला ओळखलं. काही विचारलं नाही, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चला, पोरगी उठली असेल." तेव्हापासून दर गुरुवारी येत होते. तू ऑफिसात असायचीस. मी तिला भरवलं, मांडीवर झोपवलं, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन गाणी म्हटली. दात, कान, सगळं मला माहीत होतं ते असं. आणि चौदा तारखेला तुला 'येऊ नका' लिहिलं, बाबांपासून बाळ लांब राहावं म्हणून, ते पत्र पेटीत टाकलं आणि तशीच बस धरून तिला घ्यायला आले. संध्याकाळपर्यंत घेऊन बसले.

डॉक्टरने काल विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी आधी नाही म्हटलं. घरात नाहीच. मग जिन्यावरून परत वर गेले आणि सांगितलं. ती म्हणाली, बाळाला ताबडतोब तपासायला हवं. आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध द्यायचं, उशीर नको.

मी मॉडबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सॅशा पण खोकतेय रात्रीची. आम्ही समजलो, दात येतायत." म्हटलं, दाताचं नंतर, आधी तिला दवाखान्यात न्यायला हवं. त्या म्हणाल्या, "मी तिला आता घेऊन जाऊ शकते. पण मेघनापासून मी एकदा लपवलं, आता परत नाय. तुम्ही सांगा तिला, दर्शनाबाई. ती आज घरी आहे."

मॉडबाईंवर राग धरू नकोस. माझ्यावर धर, पण तो नंतर. आधी सॅशाला उचल आणि दवाखान्यात ने. माझ्या रिपोर्टची झेरॉक्स बाबांच्या खिशात आहे. तूही तपासून घे, मॉडबाईंनाही सांग.

बाबांना हे गुरुवारचं मी आत्ताच सांगितलं, तासाभरापूर्वी. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. मौन मोडलं त्यांनी, डॉक्टरचं ऐकलं नाही. एवढंच म्हणाले:

"तू जावन इलंस? माका सोडून?"

मग चपला घातल्या. दोन वर्षांपूर्वी त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणालेले तेच बाबा पत्र लवकर आटप म्हणून हाताने खुणा करताहेत. आटपते.

पोरी, पळ.

आई


रविवार, ७ सप्टेंबर

मेघना,

तू नंबर सुरू केलास तरी हे पत्रातच लिहिते. फोनवर 'मी बरी आहे' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं, तू कितीही खोदून विचारलंस तरी.

त्या दिवशी बाबा आले तेव्हा तू पत्र वाचून दार त्यांच्या तोंडावर लावलंस आणि पाचव्या मिनिटाला सॅशाला घेऊन बाहेर आलीस, हे मॉडबाईंनी सांगितलं. बाबांनी ते सांगितलं नाही. पाटीवर नुसतं लिहिलं, 'गेलो. बरोबर बसलो.' एक्स-रे होईपर्यंत ब्रायन आणि बाबा त्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसले होते म्हणे. एकाला बोलायची बंदी, दुसऱ्याला काय बोलावं ते सुचेना. यांचं असं जमेल हे कोणत्या ज्योतिषाने सांगितलं असतं!

सॅशाच्या छातीत काही नाही, हे तुझं वाक्य मी किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. तू पाठवलेला व्हॉइस मेसेज अजून ठेवलाय. तिला सर्दीच होती, आणि प्रतिबंधाचं औषध ती गोड मानून घेते, हे ऐकून तर मी भांडी घासता घासता रडले. ते औषध मात्र अर्ध्यावर सोडू नकोस. बरी दिसते म्हणून सोडतात लोक.

तुझा राग उतरला नाही हेही मला समजतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि खाली चौकातच थांबलात. तू वर बघितलंस आणि हात केला नाहीस. बरोबर आहे. मी तोंडाला मास्क लावून कठड्याशी उभी होते. सॅशा बाबांच्या खांद्यावर होती. ब्रायनने तिचा हात धरून माझ्याकडे हलवला. त्याचे माझ्यावर उपकार झाले, असं त्याला सांग.

चाळीत कळलं. मीच सांगितलं. वडिलांच्या वेळेसारखं करायचं नाही, असं ठरवलं होतं. दोन घरांतल्या बायका ब्लाउज परत घेऊन गेल्या. अंबिका मात्र दुसऱ्याच दिवशी डबीत बेडका घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी होती, आणि तिच्यामागे बाबांचा अख्खा कोरस. सगळ्यांचे रिपोर्ट स्वच्छ आले. परळची डबलबारी त्या तरुण बुवाने एकट्यानेच गायली. बाबांनी मंडपात बसून ऐकली आणि येऊन पाटीवर लिहिलं, 'बरो गाता. पण ताल सोडता.'

खिडकी उघडी आहे. चिंध्या मी काढल्या नाहीत, यांनीच काढल्या. डॉक्टर म्हणाली होती, भांडी वेगळी करू नका, हवा खेळती ठेवा. यांनी हवेसाठी दार पण सताड उघडं टाकलंय. मांजर येऊन दूध पिऊन जातं.

आणि आता तुझा प्रश्न. तू विचारलंस, 'आई, खरं सांग, तुला कधीपासून बरं वाटत नव्हतं?' बसून आठवलं. खरं सांगते. खोकला मला यांच्या आधीपासून होता, होळीच्या सुमाराला सुरू झाला. ताप येत होता, तो मी गॅसपाशी उभं राहण्यावर ढकलला. घाम वयावर ढकलला. ब्लाउज उपासावर ढकलले. जिने कोणावर ढकलावेत ते सुचेना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थांबून तिथल्या बायकांशी गप्पा मारायला लागले. मला खोकला होता. मला ताप होता. मी आजारी होते. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितेय, अक्षर बघ कसं वाकडं आलंय.

हल्ली भूक लागते. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याची पहिल्या दिवशी धडकी भरली, आता सवय झाली.

दिवेलागणीला हे रोज समोर येऊन बसतात आणि माझ्या कपाळाला हात लावतात. गणपती झाले तरी डॉक्टरांनी मौन वाढवलंय, त्यामुळे मान हलवून सांगतात, आहे की नाही. काल बराच वेळ हात ठेवला आणि मान आडवी हलवली. मी म्हटलं, बुवा, आधी आपला हात तपासा, माझा कसा फसला ते माहीत आहे ना? तर त्यांनी माझा हात उचलला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. त्यांचा माझ्या, माझा त्यांच्या.

दोन्ही कपाळं सारखीच लागली.

आई